जमीन घेण्याआधी एक पावसाळा: बेळगाव सीमाभागातील खेड्यात राहायला येणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याचे बिऱ्हाड हलवून बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या खेड्यात कायमचे राहायला येऊ इच्छिणारी माणसे आता वरचेवर भेटतात. काहींचे आजोबा इथूनच गिरणीत कामाला गेलेले असतात आणि गावच्या उताऱ्यावर त्यांचे नाव अजून शिल्लक असते. काहींचा या मातीशी पूर्वीचा काहीच संबंध नसतो. जांबोटीमार्गे गोव्याला जाताना त्यांनी पावसाळ्यातले डोंगर पाहिलेले असतात आणि तेव्हापासून इथल्या कौलारू घराचा विचार त्यांच्या मनातून गेलेला नसतो. दोघांनाही मी एकच सांगते: जमीन घेण्याआधी पूर्ण वर्षभर, आणि त्यातला पावसाळा न चुकवता, भाड्याच्या घरात राहा. आम्ही दोघे ठाण्याहून खानापूर तालुक्यातल्या एका गावात आलो ते नेमके उलट्या क्रमाने. आधी वीस गुंठे जमीन घेतली आणि मग गाव ओळखायला लागलो. त्यामुळे जे दोन वर्षे निस्तरावे लागले, ते इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहीत आहे.

पहिली पायरी: कोणता पट्टा, ते ठरवा

बेळगाव जिल्हा नकाशावर एक दिसला, तरी राहण्याच्या दृष्टीने तो एक नाही. खानापूर तालुक्यातील कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्याच्या जंगलात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यातून समुद्राला जाते. या पाणलोटाच्या रेषेवर पाऊस अक्षरशः कोसळतो आणि तिथून पूर्वेकडे प्रत्येक दहा-पंधरा किलोमीटरला तो कमी होत जातो. म्हणून कणकुंबी-जांबोटीकडचे गाव, खानापूरजवळचे गाव आणि बैलहोंगलच्या वाटेवरचे गाव या तिन्ही ठिकाणी घर, पीक आणि दिनक्रम वेगवेगळे असतात.

पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात हवा, पाणी आणि एकांत भरपूर आहे, पण गवीरेडे, रानडुकरे आणि कधीमधी हत्ती भातात उतरतात. भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले असून त्याच्या आत आणि कडेला बांधकाम, रस्ते, वीज या सर्वांवर वनखात्याची बंधने आहेत; पावसाळ्यात यांतील काही वाड्यांना ओढ्यांवरच्या लाकडी साकवांवाचून वाट नसते. तिथे राहणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे, पण शहरातून पहिल्यांदाच येणाऱ्याने, विशेषतः वयस्कर जोडप्याने, तिथून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा पट्टा बेळगाव शहराभोवतीचा, म्हणजे येळ्ळूर, उचगाव, कडोली, किणये या बाजूचा. इथे शहराचे दवाखाने आणि बाजार हाताशी आहेत, शेतीही जिवंत आहे, पण जमिनीचे भाव शहराचे आहेत आणि आज ज्या खिडकीतून भाताचे शिवार दिसते तिच्यासमोर उद्या प्लॉट पडू शकतात. तिसरा पट्टा निपाणी-चिकोडीचा, वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेच्या काठचा; काळी जमीन, ऊस, तंबाखू आणि पुणे-बंगळूर महामार्गामुळे कोल्हापूरशी रोजचे दळणवळण ही त्याची जमेची बाजू. नदीकाठच्या गावात घर पाहताना मात्र २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आले होते, हे भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगावे. गावातले कुणीही दाखवते.

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि जुनी माणसे त्याला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत. उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागे, असे ती सांगतात. आता दुपारी पंखा लागतो, पण ठाण्यातल्या घामाची आठवण असणाऱ्याला मे महिन्यातली इथली पहाट अजूनही सुखाची वाटेल.

दुसरी पायरी: वैशाखात या

भाड्याचे घर एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये घ्यावे, दिवाळीनंतर घेऊ नये. दिवाळीनंतर सगळीच गावे सुंदर दिसतात: भात कापणीला आलेले असते, ओढे वाहत असतात, विहिरीचे पाणी हाताला लागते. मे महिन्यात गावाची खरी स्थिती कळते. विहिरीला तळ लागला आहे का, बोअर अर्ध्या तासात थांबते का, नळाला दिवसाआड पाणी येते की आठवड्याने, हे त्या काळात दिसते. धो धो पावसाच्या तालुक्यात पाण्याची टंचाई कशी, असे नवख्याला वाटते. पण तांबड्या, उताराच्या जमिनीत पाणी मुरण्याआधी निघून जाते आणि चैत्र-वैशाखात त्याच गावात बायका घागरी घेऊन उभ्या असतात.

मे महिन्यात आल्याचा दुसरा फायदा असा की गाव पावसाची तयारी कशी करते ते पाहता येते. कौले चाळणे (उतरवून, साफ करून पुन्हा बसवणे), मोडलेली बदलणे, वळचणीला लाकडे रचणे, गवताची गंजी झाकणे, परसात शेणी रचून ठेवणे ही कामे रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत उरकलेली असतात. धूळवाफ पेरणीही याच दिवसांतली, म्हणजे वळवाच्या एक-दोन पावसांनंतर कोरड्या जमिनीतच भात पेरून टाकतात. आम्ही पहिल्या वर्षी कौले चाळण्याचे काम ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ठेवले. मृगाचा पाऊस लागल्यावर घरात अकरा ठिकाणी भांडी लावावी लागली, आणि भर पावसात कौलांवर चढायला कोणी तयार होईना, ते योग्यच होते. शेजारच्या मामांनी दारात उभे राहून ‘मे महिन्यात सांगितलं हुतं की वो’ एवढेच म्हटले आणि संध्याकाळी त्यांच्या मुलाने प्लास्टिकचा कागद आणून दिला.

तिसरी पायरी: पाऊस सोसून पाहा

जून ते सप्टेंबर हे चार महिने या सबंध विचाराची परीक्षा घेतात. आर्द्रा-पुनर्वसूत झड लागली की सलग आठ-दहा दिवस सूर्य दिसत नाही. कपडे चुलीवर वाळवावे लागतात, पुस्तकांना बुरशी येते, गादीला ओलसर वास येतो आणि तो दिवाळीच्या उन्हापर्यंत जात नाही. वाऱ्याने झाडाची फांदी तारेवर पडली की वीज जाते. ती दोन तासांत येईल किंवा दोन दिवसांनी. घरून संगणकावर काम करून पोट भरायचे असेल तर इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ही चैन नव्हे, गरज आहे. कोणत्या कंपनीचे नेटवर्क येते हे घरात उभे राहून, शक्यतो पावसात, स्वतः तपासावे; ‘येतं की, वरच्या माळावर येतं’ हे उत्तर खरेच असते, पण मीटिंग माळावर छत्री धरून करता येत नाही.

एकटेपणाही याच महिन्यांत जाणवतो. सगळा गाव रोपलावणीत असतो. पहाटे शेतात गेलेली माणसे अंधार पडल्यावर परततात आणि जेवून झोपतात. बोलायला कोणी नसते. शहरात एकटे वाटले की माणूस बाहेर पडतो. इथे बाहेर चिखल असतो. माझ्या ओळखीचे एक कुटुंब पहिल्या श्रावणातच परत गेले आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. त्यांनी जमीन घेतली नव्हती, म्हणून त्यांना जाता आले.

पण याच दिवसांतले सुखही दुसऱ्या कोणत्या ऋतूत नाही. मे संपताना ओढ्याकाठच्या झाडांवर काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. ते पाहायला आम्ही अजूनही रोज रात्री बांधापर्यंत जातो. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांनी अळंबी उगवतात आणि सकाळी सकाळी कोणीतरी पानात बांधून दारात ठेवून जाते. लावणीचे भात वाऱ्यावर हलायला लागले की घरासमोरचे सगळे शिवार एकाच रंगाचे होते. बासमती फुलोऱ्यात आला की ओल्या हवेत त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. बेळगावच्या बासमतीचे क्षेत्र आता फार घटले आहे, तरी कोणाकडे दोन मण मिळाला तर नव्या तांदळाचा पहिला भात तुपाशिवाय खाऊन पाहावा. गरम नाचणीची भाकरी, मसुराची आमटी, भाजलेली रताळी आणि बाहेर पाऊस, एवढ्यासाठी मी अकरा भांडी पुन्हा लावायला तयार आहे.

पावसाळ्यात सापांची काळजी मात्र गंभीरपणे घ्यावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नये, जमिनीवर झोपू नये, लाकडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवावे. दंश झाला तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न घालवता तो अवयव स्थिर ठेवून थेट दवाखाना गाठावा. आपल्या गावापासून जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस कायम ठेवलेली असते आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. १०८ ची रुग्णवाहिका सगळीकडे येते, पण जंगलपट्ट्यात ती पोचेपर्यंत गावातल्याच एखाद्या जीपने निम्मी वाट कापणे शहाणपणाचे ठरते. ज्यांना हृदयविकार आहे किंवा डायलिसिस लागते, त्यांनी बेळगाव शहरापासून अर्ध्या तासापेक्षा लांब जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

चौथी पायरी: कन्नड वाचायला शिका

हे अनेकांना आवडत नाही, पण टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याविषयी प्रत्येक मराठी घराची भावना तीव्र आहे आणि माझीही आहे. तरीही उतारा, वीजबिल, ग्रामपंचायतीची नोटीस, बसची पाटी आणि रेशनचा अर्ज कन्नडमध्येच हातात येतो. बोलता आले नाही तरी चालते, कारण खानापूरच्या पश्चिमेला आणि बेळगावभोवतीच्या खेड्यांत सगळे व्यवहार मराठीत होतात आणि पूर्वेकडच्या गावांतले बहुतेक लोक दोन्ही भाषा सहज बोलतात. वाचता न येणे मात्र महागात पडते. आधी कन्नड आकडे शिकावेत, मग स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि ‘मालक’, ‘कर्ज’, ‘क्षेत्र’ या अर्थाचे शब्द ओळखायला शिकावे. मी शेजारच्या नववीतल्या मुलीकडून शिकले. ती मला कन्नड अक्षरे गिरवायला लावी आणि मी तिचे गणित घेई. मुले बरोबर असतील तर सरकारी मराठी शाळा बऱ्याच गावांत आहेत, पण शाळा कोणत्याही माध्यमाची असली तरी मुलांना कन्नड शिकावेच लागते, हे धरून चालावे.

सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. त्या दिवसांत पुण्याला किंवा कोल्हापूरला महत्त्वाचे काम ठेवू नये.

कागदांचे आणखी दोन विषय इथेच सांगते. आधारवरचा पत्ता लवकर बदलून घ्यावा, कारण रेशन कार्डापासून २०२३ पासूनच्या महिलांच्या मोफत बसप्रवासापर्यंत सगळे कर्नाटकातील पत्त्यावर अवलंबून आहे. आणि महाराष्ट्राची गाडी आणणार असाल, तर मोटार वाहन कायद्यानुसार बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. निघण्यापूर्वी मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा आणि इथल्या कराची रक्कम हिशेबात धरावी.

पाचवी पायरी: गावकीत आपली जागा समजून घ्या

गावात येणाऱ्याला सर्वजण विचारतात: कोणाचे, कुठले, पगार किती, मुले का नाहीत. शहरात हे प्रश्न उद्धटपणाचे ठरतील. इथे विचारणारा तुम्हाला आपल्या माहितीतल्या माणसांत जागा शोधत असतो. तरीही खासगीपणा संपतो हे खरे, आणि ज्याला तो प्राणापलीकडे हवा आहे त्याने याचा विचार आधीच करावा. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांनी काय आणले हे आमच्याआधी गल्लीला ठाऊक असते.

काही नियम लेखी नाहीत, पण पक्के आहेत. कित्येक गावांत आठवड्यातला एक वार पाळतात, त्या दिवशी शेतात औत धरत नाहीत. महालक्ष्मीची यात्रा काही गावांत दहा-बारा वर्षांनी, काही गावांत वीस-पंचवीस वर्षांनी येते आणि तिच्याआधी वार पाळणूक होते. त्या काळात गाव ठरवील तसे सगळ्यांनी वागायचे असते आणि घरटी वर्गणी द्यायची असते. तुमची श्रद्धा असो वा नसो, वर्गणी वेळेवर द्यावी आणि घासाघीस करू नये. ज्ञानेश्वरी पारायणाच्या सप्ताहात लाऊडस्पीकर पहाटेपासून सुरू होतो. झोपमोडीची तक्रार करण्याऐवजी एक दिवस वीणा धरायला किंवा पंगतीत वाढायला गेल्यास गाव ओळखायला लागते.

मजूर मिळणे ही आजची मोठी अडचण आहे आणि तिच्यावर जुना उपाय पैऱ्याचा आहे: आज तुम्ही माझ्या लावणीला या, परवा मी तुमच्या लावणीला येते. शहरातून आलेल्या माणसाचे हात लावणीत मंद चालतात हे सगळ्यांना माहीत असते. माझी पहिली ओळ वाकडी गेली तेव्हा शेजारच्या आक्कांनी काही न बोलता मागून येऊन सरळ केली. पण मी पैरा फेडायला चिखलात उभी राहिले, याची नोंद झाली. त्याच वर्षी माझ्या सासूबाई रात्री दोन वाजता बेशुद्ध पडल्या, तेव्हा न बोलावता सात माणसे दारात होती आणि त्यांपैकी एकाने स्वतःची गाडी काढली. ठाण्यातल्या इमारतीत चौदा वर्षे राहून मला तिथल्या सात माणसांची नावे माहीत नव्हती.

सहावी पायरी: पैशाचा हिशेब

वीस गुंठे, एक एकर, दोन एकर कोरडवाहू भातशेतीवर शहरातून आलेले घर चालत नाही. भात, नाचणी, रताळी, बटाटा, काजू यांतून घरचे धान्य आणि थोडे पैसे येतील, पण खते, ट्रॅक्टर आणि मजुरी वजा केल्यावर उरणारी रक्कम पाहून निराश होऊ नये म्हणून ती आधीच शून्य धरावी. निवृत्तिवेतन, भाडे किंवा घरून करायचे काम यांपैकी काहीतरी हवे. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय शहरातले घर विकू नये.

सातवी पायरी: मग जमीन

वर्ष पार पडले आणि अजून राहावेसे वाटते, तर आता कागद हातात घ्यावेत. कर्नाटक भूसुधारणा कायद्यातील ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बिगरशेती उत्पन्न असणाऱ्यांना आणि बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन घेण्यास मनाई करणारी ७९ अ आणि ७९ ब ही कलमे २०२० च्या दुरुस्तीने रद्द झाली, त्यामुळे बाहेरच्याला जमीन घेण्याचा मार्ग मोकळा झाला. कायदे बदलतात, म्हणून व्यवहाराच्या दिवशीची स्थिती बेळगाव किंवा खानापूरच्या, जमिनीच्याच कामात असलेल्या वकिलाकडून तपासावी. एजंटाचा वकील घेऊ नये.

उतारा, म्हणजे इथला आरटीसी किंवा पहाणी, ‘भूमी’ संगणक प्रणालीतून मिळतो. त्यातल्या ९ व्या रकान्यात कब्जेदारांची नावे, ११ व्या रकान्यात कर्ज आणि इतर हक्क, १२ व्या रकान्यात कसणाऱ्याचे नाव आणि पीक असते. इथल्या उताऱ्यांवर पुष्कळदा आजोबांच्या काळची सामाईक नावे असतात, वारस मुंबईत, गोव्यात, लष्करात विखुरलेले असतात आणि वाटणी फक्त तोंडी झालेली असते. लग्न होऊन गेलेल्या मुलींचाही हक्क २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर मुलांइतकाच आहे. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ या शब्दावर विसंबू नये. त्यांच्या सह्या घ्याव्यात. जमीन सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतरण चालत नाही, आणि तशी जमीन स्वस्त मिळते म्हणून घेणे हा त्या कुटुंबावर अन्यायही आहे. सर्व्हे नंबरचा तुकडाच घेणार असाल तर भूमापन खात्याचा ११ ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा विक्रीपूर्व मोजणी नकाशा, लागतो. गावठाणातले घर असेल तर ग्रामपंचायतीचे ई-स्वत्तूचे (मिळकतींच्या संगणकीय नोंदीचे) उतारे पाहावेत, आणि शेतजमिनीवर राहते घर बांधायचे असेल तर जमीन बिनशेती करावी लागेल का, हे खरेदीआधी ठरवावे, नंतर नव्हे.

आमची चूक कागदात नव्हती, वाटेत होती. वीस गुंठ्यांपर्यंत बैलगाडीची वाट होती, ती आम्ही पाहिली होती, पण ती शेजाऱ्याच्या बांधावरून गेलेली होती आणि कोणत्याही नकाशात नव्हती. व्यवहार जुळवून देणाऱ्याने ‘वहिवाट हाय’ म्हटले आणि आम्ही मान डोलावली. पहिल्या पावसात त्या शेतात भात लागले आणि वाट बंद झाली. शेजाऱ्याचे काही चुकले नव्हते, त्यांची जमीन होती. शेवटी बांधाच्या कडेने नऊ फुटांची पट्टी विकत घेऊन नोंदवून घ्यावी लागली, आणि ती मिळाली ती वकिलामुळे नव्हे, दोन हंगाम त्यांच्या लावणीला गेल्यामुळे. वर्षभर आधी गावात राहिलो असतो तर ही वाट जूनमध्ये बंद होते हे आम्हाला डोळ्यांनी दिसले असते.

म्हणून मोजणी शक्यतो सुगी संपल्यावर, शिवार मोकळे असताना, माघ-फाल्गुनात करून घ्यावी आणि चारही बाजूंच्या शेतकऱ्यांना स्वतः घरी जाऊन बोलवावे. नोटिशीवर सोडू नये. मोजणीच्या दिवशी चहा आणि पोहे आपल्याकडून असावेत. दगड रोवले की प्रत्येकाला तो दाखवावा आणि काही म्हणणे असल्यास त्याच दिवशी ऐकून घ्यावे. खरेदीनंतर उताऱ्यावर फेरफार होऊन आपले नाव आले का, हे स्वतः जाऊन पाहावे. मग पहिल्या पेरणीचे बी बाजारातून न आणता गावातल्याच कोणाकडून दोन पायली मागून घ्यावे, आणि सुगी झाली की तीन पायली परत नेऊन द्यावे.